दोन पेट्यांची घोडी

या लेखात एक साधी लाकडी घोडी कशी करावी हे सांगावयाचे आहे. दोन कीबोर्ड एकावर एक, परंतु एकमेकांस न टेकता, ठेवता यावेत आणि वाजविणाऱ्यास एकाच जागी बसून दोन्हींवर हात चालविता यावा, एवढाच तिचा उपयोग. विषय लहान आहे. तथापि तो शिकण्यासाठी मला जी किंमत द्यावी लागली ती लहान नव्हती. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

एका स्नेहसंमेलनात गायनवर्गाचे शेवटचे पद चालू होते. नववीतील एक विद्यार्थी दोन कीबोर्डांवर साथ करीत होता. खालचा अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, वजनदार. वरचा एकसष्ट पट्ट्यांचा, हलका. वरचा त्याच्या वडिलांनी त्याच वर्षी कापसाचे पैसे हाती आल्यावर घेऊन दिलेला होता. बाजारातून आणलेल्या फुलीच्या आकाराच्या लोखंडी घोडीवर मीच ती दोन्ही वाद्ये मांडली होती. मुलगा उभा राहून वाजवीत होता. वरच्या वाद्याचे एक बटण दाबण्यासाठी तो किंचित पुढे वाकला, आणि सगळा डोलारा पलीकडे कोसळला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु वरच्या कीबोर्डाच्या दोन पट्ट्या निखळल्या व कडेची डबी फुटली. मी सर्वांसमक्ष त्या मुलास म्हणालो, “इतका जोर कशाला लावलास?” तो काही बोलला नाही. त्यानंतर पंधरा दिवस तो गायनवर्गास आला नाही.

त्याचे वडील मात्र भेटावयास आले. ते शेतकरी, अकोल्याकडील. त्यांनी वाद्याबद्दल एक शब्द काढला नाही. घोडी उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “गुरुजी, बंडी उलाय झाली म्हून बैलाले मारून काय होते? भार कुठी ठेवला थे पाहा लागते.”

कापसाने भरलेल्या बंडीत मागे भार अधिक झाला की जू वर उचलले जाते, यास आपण बंडी उलाळ झाली असे म्हणतो. बैल कितीही गुणी असला तरी तो दोष त्याचा नसतो, भरणाऱ्याचा असतो. येथे भरणारा मी होतो. त्या रात्री मी कागद घेऊन हिशेब मांडला. तोच पुढे देत आहे.

वाद्याचे पाय कोठे गेले?

प्रथम हे पाहू की असा प्रश्न पूर्वी का उद्भवत नसे. किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले व संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे या नाटकांच्या साथीत पेटीला मानाचे स्थान मिळाले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारखे पेटीवादक नामांकित झाले. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गायनास ऑर्गनची साथ असे. हा ऑर्गन म्हणजे पायांनी भाता चालविण्याचे वाद्य. त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांसाठी मोकळे राहत. भाता, पायपट्ट्या व भक्कम पेटारा हे सारे खालच्या बाजूस असल्याने त्या वाद्याची बैठक आपोआपच स्थिर असे. हातपेटीचा प्रश्न त्याहून सोपा होता. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता चालविण्याची पेटी तयार केली, आणि ती जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या वादकापुढे आली. जमिनीवर ठेवलेली वस्तू पडणार कोठे?

खेडोपाडी फिरणारे मिशनरी जी घडीची पायपेटी बरोबर नेत, तिचेही पाय तिच्याच पेटाऱ्यात दुमडलेले असत. पेटारा उघडला की वाद्य उभे राही. तात्पर्य, जुन्या वाद्यांचे पाय ती वाद्ये करणारा कारागीरच करी. विजेवर चालणाऱ्या कीबोर्डास मात्र पाय नसतात. त्याला पाय देण्याचे काम घेणाऱ्यावर सोडलेले असते, आणि आपण ते काम क्षुल्लक समजून उरकतो.

या ठिकाणी एका जपानी कारागिराची गोष्ट आठवते. १८८७ साली हामामात्सु गावच्या शाळेतील अमेरिकन ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करण्यास तोराकुसु यामाहा यांस बोलाविले. दुरुस्ती करता करता त्यांनी वाद्याची रचना समजून घेतली, एका सहकाऱ्याच्या मदतीने तसाच ऑर्गन तयार केला, आणि दोघांनी तो खांद्यावरील दांड्यास अडकवून हाकोनेचा डोंगर ओलांडून टोकियोच्या संगीतशाळेत पायी नेला. तेथे निकाल मिळाला की स्वर बरोबर जुळलेले नाहीत. यामाहांनी परीक्षकांवर रोष धरला नाही. तेथेच राहून स्वरशास्त्राचा अभ्यास केला, गावी परतून दुसरा ऑर्गन केला, आणि तो पसंत झाला. आज ज्या कंपनीचे कीबोर्ड जगभर वाजतात तिची सुरुवात अशी एका शाळेतील नादुरुस्त वाद्यापासून झाली. बिघडलेल्या वस्तूजवळ बसून ‘हे असे का झाले’ असे जो विचारतो, तोच पुढे काही घडवितो.

फुलीची घोडी आणि पायथागोरस

आता आपल्या पडलेल्या घोडीकडे वळू. तिचे दोन पाय मध्यभागी एकमेकांस छेदतात. समजा प्रत्येक पाय १०० सेंटिमीटर लांब आहे. तो पाय कर्ण, जमिनीवरील पायांमधील अंतर हा पाया, व घोडीची उंची ही लंब, असा काटकोन त्रिकोण होतो. भूमितीत तुम्ही शिकला आहा की पायाचा वर्ग अधिक लंबाचा वर्ग बरोबर कर्णाचा वर्ग. म्हणून पाया ८० ठेवला तर उंची ६० येते. पाया ६० ठेवला तर उंची ८०. आणि उंची ९६ केली तर पाया अवघा २८ सेंटिमीटर उरतो. (२८ व ९६ यांचे वर्ग करून बेरीज करून पाहा; बरोबर १०,००० होते.)

यातील मर्म ध्यानात घ्या. ही घोडी जसजशी उंच करावी तसतसे तिचे पाय जवळ येतात. म्हणजे ज्या वेळी रुंद पायाची गरज सर्वांत अधिक, नेमका त्याच वेळी तो सर्वांत अरुंद होतो. मुलाने उभे राहून वाजवावे म्हणून मी तीच उंची, ९६ सेंटिमीटर, ठेवली होती.

किती धक्क्याने पडेल?

वस्तू केव्हा पडते? तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा पायांच्या बाहेर गेला म्हणजे. तिला पाडण्यास किती धक्का लागेल हे तरफेच्या नियमाने काढता येते. एका बाजूस धक्का गुणिले धक्क्याची उंची. दुसऱ्या बाजूस एकूण वजन गुणिले ओळंब्यापासून पायाच्या मागील टोकापर्यंतचे अंतर. पहिला गुणाकार दुसऱ्याहून मोठा झाला की वस्तू मागे उलटते.

खालचे वाद्य १२ किलो, वरचे ६ किलो, लोखंडी घोडी ४ किलो. एकूण २२ किलो. आता प्रत्येकाचा मध्य पुढच्या पायापासून किती अंतरावर आहे ते पाहू. घोडी व खालचे वाद्य मध्यावर, म्हणजे १४ सेंटिमीटरवर होते. वरचे वाद्य मागे सारलेले असल्यामुळे त्याचा मध्य २९ सेंटिमीटरवर होता. पाया २८ चा, आणि हा मध्य २९ वर! म्हणजे वरचे वाद्य पायाच्या बाहेरच लोंबत होते. सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य पुढून सुमारे १८ सेंटिमीटरवर येतो. मागील टोकापर्यंत उरतात १०. वरच्या बटणांची उंची होती सुमारे १२२. तेव्हा २२ गुणिले १० भागिले १२२, म्हणजे १.८ किलो.

पावणेदोन किलोंचा धक्का! पाण्याने भरलेला मोठा तांब्या उचलण्यास जेवढे बळ लागते, जवळजवळ तेवढेच. याला जोर कोण म्हणेल? मुलाने बटण दाबले होते, एवढेच. उत्तर कागदावर उतरले तेव्हा मला माझ्या त्या वाक्याची लाज वाटली.

मापे शरीराची घ्यावी

नवी घोडी करावयाचे ठरले. मुलाच्या वडिलांनीच म्हटले की गावच्या सुताराकडे करू. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “बसणारा कोण?” उत्तम कारागिराचा प्रश्न नेहमी असाच असतो.

आम्ही प्रथम मुलास बसविले. उभ्याने वाजविण्याचा दिमाख सोडला की घोडीची उंची पाव हिश्शाने कमी होते व तिच्या अर्ध्या अडचणी तेथेच मिटतात. बसून वाजविताना खांदे सैल, कोपरे शरीरालगत, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात जमिनीस जवळजवळ समांतर असावा. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ सेंटिमीटरवर असतात. खालच्या वाद्यास तेच माप घ्यावे. बसणारा लहान असल्यास बैठक उंच करावी, घोडी बदलू नये.

लांबीचे गणितही सोपे आहे. एका पांढऱ्या पट्टीची रुंदी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर असते. ८८ पट्ट्यांत ५२ पांढऱ्या, म्हणून १२२ सेंटिमीटर; ६१ पट्ट्यांत ३६ पांढऱ्या, म्हणून ८५ सेंटिमीटर. कडेच्या डब्या धरून आमची वाद्ये १३२ व ९५ सेंटिमीटर भरली. घोडीच्या दोन बाजूंतील अंतर ८२ ठेवले, म्हणजे लांब वाद्य वाकत नाही व आखूड वाद्यही दोन्हीकडे टेकते.

वरचे वाद्य किती मागे असावे? पांढरी पट्टी सुमारे १५ सेंटिमीटर खोल असते. तेवढी जागा पूर्ण मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर बोटांची पेरे वरच्या वाद्याच्या बुडास लागतात. म्हणून खालच्या वाद्याच्या पुढच्या कडेपासून १८ सेंटिमीटर मागे वरच्या वाद्याची कड आणली. दोहोंमध्ये वरखाली बोटभर नव्हे, तर चांगले वीतभराच्या आसपास अंतर हवे, कारण खालच्या वाद्याची बटणे त्या फटीतूनच दाबावयाची असतात. वरचे वाद्य वादकाकडे थोडे उतरते ठेवावे. त्यामुळे पट्ट्या नजरेस पडतात व मनगट वाकत नाही.

लाकूड व जोडणी

आपल्या वऱ्हाडास मेळघाटाचे सागवान जवळ आहे. बाभळीचे लाकूड बंडीच्या कामास उत्तम, परंतु जड व रंध्यास कठीण. सागवान ऊनपावसात फार हलत नाही, आणि हा गुण येथे महत्त्वाचा. कारण अकोल्याचा वैशाख आणि त्याच अकोल्याचा श्रावण यांत लाकडाची चांगलीच परीक्षा होते. ओले लाकूड घेतल्यास उन्हाळ्यात ते आकसते व सांधे सैल होतात. आम्ही जुन्या दाराच्या चौकटीचे सागवान घेतले. अनेक उन्हाळे पाहिलेले ते लाकूड आता आणखी काय आकसणार?

प्रत्येक बाजूस तीन भाग. जमिनीवर ६० सेंटिमीटर लांबीचा पाय. त्यावर उभा खांब. खांबातून पुढे आलेला आडवा हात. खांब पायाच्या मध्यावर न बसविता मागे सारून, मागील टोकापासून ९ सेंटिमीटर सोडून बसविला. खालचे वाद्य खांबाच्या पुढे हातावर राहते. वरचे वाद्य खांबाच्या डोक्यावरील आखूड हातावर. पायाचे मागील टोक वरच्या वाद्याच्या मागील कडेपेक्षा ६ सेंटिमीटर बाहेर आहे. हा नियम कधी मोडू नये: वर जे काही आहे त्याच्या बाहेर पाय गेला पाहिजे.

पाय व खांब ७ सेंटिमीटर रुंद व ४ जाड, हात ६ रुंद व ४ जाड. हात उभ्या कडेवर बसवावा. याचे कारण वर्गातील मोजपट्टीने समजेल. मोजपट्टी आडवी धरून टोक दाबा, लगेच वाकते. तीच कडेवर उभी धरा, वाकत नाही. लाकूड तेच, फक्त धरण्याची रीत निराळी. हाताखाली खांबापासून एक तिरपा टेकू दिला, कारण वादक कधीकधी विसरून त्यावर दंड टेकतो. पाय, खांब व हात यांचे सांधे साल-कुसवाचे. गुण्या लावून, सरस भरून कायमचे घट्ट केलेले. केवळ खिळ्यांवर विसंबू नये; हलत्या भाराखाली खिळा हळूहळू आपले भोक मोठे करतो.

दोन बाजूंस जोडणाऱ्या आडव्या फळ्या मात्र नटबोल्टाच्या, म्हणजे सोडविता येतात. मागील बाजूस दोन फळ्या व एक कर्ण. हा कर्ण विसरू नका. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी चौकोनात जोडा. बोट लावताच चौकोन कलतो. एक पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लावा; तो हलेनासा होतो. चौकोन आपला आकार बदलू शकतो, त्रिकोण बदलू शकत नाही. पूल, छपरे व विजेचे मनोरे यांत जिकडे तिकडे त्रिकोण दिसतात ते यामुळेच.

हातांच्या पुढच्या टोकास दोन सेंटिमीटरचा अटकाव व वर नमद्याची पट्टी लावली, म्हणजे वाद्य घसरत नाही व खरचटत नाही. तारा खांबालगत बांधून खाली सोडल्या. लोंबणाऱ्या तारेत कोणाचा पाय अडकला तर उत्तम घोडीही वाद्यास वाचवू शकत नाही. शेवटी एका पायाखाली फिरवता येणारा स्क्रू बसविला. तीन पायांची तिवई कोठेही स्थिर बसते, चार टेकांची वस्तू उंचसखल फळ्यांवर डुलते. कागदाची घडी सरकविण्यापेक्षा स्क्रू बरा.

पुन्हा हिशेब

घोडीचे वजन १२ किलो भरले. दोन्ही वाद्यांसह ३० किलो. खालच्या वाद्याचा मध्य पुढून २६ सेंटिमीटरवर, वरच्याचा ४१ वर, घोडीचा सुमारे ४० वर. सर्वांचा गुरुत्वमध्य ३४.६ वर येतो. मागील टोकापर्यंत राहतात २५.४. वरच्या पट्ट्यांची उंची ९४. तेव्हा ३० गुणिले २५.४ भागिले ९४, म्हणजे ८ किलोंहून थोडे अधिक. पूर्वीच्या चौपटीहून जास्त! यांपैकी काही लाभ बसून वाजविण्याचा, काही रुंद पायाचा, व काही घोडीच्या स्वतःच्या वजनाचा. बाजारात हलकी घोडी गुण म्हणून विकली जाते. उचलताना तो गुण खरा, परंतु उभी असताना घोडीचे वजन तळाशी असणे हाच गुण.

कागदावरच्या हिशेबावर न थांबता आम्ही परीक्षाही घेतली. वाद्यांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधल्या, वर स्प्रिंगचा काटा अडकविला, आणि मागे ओढला. घोडी उचलली गेली ती आठच्या आसपास. मुलांनी टाळ्या वाजविल्या. परंतु मला ज्याचा आनंद झाला तो निराळाच. काटा ओढणारा तोच मुलगा होता.

त्याला मी वर्गातच सांगितले होते, कारण बोल लावला तो सर्वांसमक्ष, तर चूक कबूल करावयाची तीही सर्वांसमक्षच. मी फळ्यावर पावणेदोन किलोंचा हिशेब मांडला आणि म्हणालो, “दोष याचा नव्हता. पाया मी अरुंद ठेवला होता.” वर्ग क्षणभर स्तब्ध होता. मग तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, २९ मधून २८ गेले की मी हरलोच होतो.” सगळे हसले, मीही हसलो.

पुढे अकोल्यास एका कार्यक्रमाचे निमंत्रण आले. घोडीचे बोल्ट सोडले, दोन्ही बाजू एकावर एक ठेवून चादरीत बांधल्या व बडनेऱ्याहून आगगाडीने नेल्या. तेथील व्यासपीठ फळ्यांचे व मध्येच दबणारे होते. स्क्रू दोन फेरे फिरविला आणि घोडी निश्चल बसली. मुलाने दोन्ही वाद्यांवर मनमोकळी साथ केली. श्रोत्यांपैकी एकानेही घोडीकडे पाहिले नाही. तिचे वडीलधाऱ्यांसारखे आहे: ती ठीक असेल तर कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ती ठीक नसेल तर वर असलेला लेकरू पडतो.

पालकांस एवढीच विनंती की मुलास वाद्य घेऊन देताना त्याच्या पायांचाही विचार करावा. आणि विद्यार्थ्यांस ही की काही कोसळले म्हणजे ‘कोणी पाडले’ हे विचारण्यापूर्वी ‘कशावर उभे होते’ हे मोजून पाहावे.

अभ्यासासाठी

१. फुलीच्या घोडीचा प्रत्येक पाय १३० सेंटिमीटर आहे. उंची १२० केल्यास पाया किती राहील? उंची ५० केल्यास किती?

२. आपल्या घोडीवर वरचे वाद्य ६ ऐवजी १२ किलोंचे ठेवले, तर गुरुत्वमध्य कोठे येईल? घोडी सुरक्षित राहील काय?

३. घरातील एखादी डुलणारी खुर्ची वा बाक शोधा. तिच्यात त्रिकोण कोठे हवा होता ते आकृती काढून दाखवा, आणि शक्य असल्यास वडिलांच्या मदतीने ती दुरुस्त करा.